शाळेची घंटा लांब वाजली तर?

ऑटोवाल्या काकांनी हॉर्न दिला, मूल दप्तर सावरत बसलं, की आपण फाटक लावून स्वयंपाकघराकडे वळतो. पुढचे पाच-सहा तास ते शाळेच्या स्वाधीन. त्या वेळात तिथं काही झालंच तर कोण काय करणार, हे आपण कधी विचारलंय का?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरच्या मैत्रिणी विसरायच्या नाहीत. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. दमूनभागून पाठ टेकली, तो रात्रीतून शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. मूकबधिर विद्यालयातल्या ४० मुलांना बचाव पथकानं त्या पुरातून सुखरूप बाहेर काढलं. बाकीच्या शाळांना त्या दिवशी सुट्टी दिली गेली. पण हेच पाणी भर शाळेत, सकाळी अकराला आलं असतं तर? आणि ज्यांना घंटाच ऐकू येत नाही त्यांना सावध कसं करायचं? दिवा उघडझाप करून, किंवा प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देऊन. पण हे आधी ठरलेलं हवं, ऐन वेळी सुचत नाही.

गंमत म्हणजे देशभरातले आगीचे बंबवाले शिकायला येतात ते आपल्याच नागपुरात, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात. नागरी संरक्षण शिकवणारी केंद्र सरकारची संस्था इथं १९५७ साली निघाली, आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही इथंच आहे. दिव्याखाली अंधार नको, एवढंच!

तसं पाहिलं तर सरावाला फारसा वेळ लागत नाही. लांब घंटा झाली, की दप्तर तिथंच टाकून मुलांनी एका रांगेत, न धावता मैदानात यायचं. बाईंच्या हातात हजेरीपट हवा, कारण खरं काम मैदानात मोजणीचं असतं. धूर असेल तर वाकून चालायचं, भूकंप असेल तर आधी बाकाखाली डोकं झाकून बसायचं आणि हादरे थांबल्यावरच बाहेर पडायचं. मुलांना हा खेळ वाटतो. वाटू द्या, वर्षातून दोनदा खेळला की अंगवळणी पडतो.

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेतल्या स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांमध्ये आग विझवण्याची साधनं आणि शिक्षकांना प्रशिक्षण हवंच, असं बजावलं. पण भिंतीवरचं लाल नळकांडं चालवता कुणाला येतं, ते विचारायला हवं.

आता आपल्याकडचं काम. बातमी कळली की आपण सगळ्याजणी स्कूटर काढून शाळेकडे धावतो, गल्ली तुंबते आणि बंब अडतो. (मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू?) मूल कुणाच्या हाती द्यायचं, त्यांची नावं शाळेत आधीच लिहून ठेवा: आजोबा, शेजारच्या काकू, ऑटोवाले काका. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. तो न सांगणाऱ्याबरोबर मुलानं जायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो. आणि एक फोन नंबर मुलाकडून पाठ करून घ्या. आजकालच्या मुलांना मोबाईल चालवता येतो, पण आईचा नंबर विचारला की ती छताकडे बघतात! एक चिठ्ठी कंपासपेटीतही राहू द्या: नाव, पत्ता, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते.

पालकसभेत असले प्रश्न विचारले, की आधी सगळे वळून बघतात. 'गुणांचं विचारा ना ताई!' परवा आमच्या सभेत असंच झालं. मी ओशाळून खाली बसणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं, त्याची किल्ली कुणाकडे असते हो?"

किल्ली शिपायाकडे होती, आणि शिपाई त्या दिवशी रजेवर होता.