ओळखीच्या फेरीत नाव हरवतं, ते का?

पुण्यात हिंजवडी असो की खराडी, सोमवारी आयटी कंपनीत नवी मंडळी जॉइन होतात, मीटिंग रूममध्ये गोल करून बसतात आणि ओळखीची फेरी सुरू होते. नाव, कॉलेज, अनुभव किती वर्षांचा, चला, पुढचा. फेरी संपते तेव्हा शेजारच्याचं नावही आठवत नाही.

हा कुणाचा उर्मटपणा नव्हे. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्ये लोकांना पाळीपाळीने शब्द वाचायला लावले. स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचलेले शब्द त्यांना नीट आठवेनात. पाळी जवळ आली की कान मिटतात, मन स्वतःचं वाक्य जुळवत बसतं. म्हणजे तुमच्यानंतर ज्याचा नंबर होता, त्याने तुमचं जेमतेम ऐकलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत आधी त्यालाच गाठा.

त्यात नाव मुळातच निसटतं. १९८७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांबरोबर नाव आणि व्यवसाय सांगितले, तर व्यवसाय लक्षात राहिले, नावं गेली. दोन्हींसाठी शब्द तोच असला तरीही. आपल्याकडचं सांगायचं तर समोरचा सुतारकाम करतो हे ध्यानात राहील, त्याचं आडनाव सुतार आहे हे विसरलं जाईल. कामाबरोबर रंधा येतो, भुसा येतो, लाकडाचा वास येतो. आडनावाबरोबर काहीच येत नाही.

म्हणून नावाला काही तरी जोडून द्यावं. पद नको, 'सीनियर असोसिएट' त्याच खोलीत चौघे निघतात. त्यापेक्षा ‘मी औशाची, लातूरजवळची. पेरोलवर काम केलंय, सॅलरी स्लिपमधला फरक कुठून आला ते शोधून देते,’ एवढं पुरे. लातूरकडचं कुणी लगेच मान वर करतं, आणि महिनाअखेरीला बाकीचेही शोधत येतात.

एक प्रश्न मात्र मला फार खटकतो. पहिलं नाव सांगितलं की लगेच ‘आडनाव काय?’ त्यामागे पुष्कळदा जात चाचपणं असतं. नुसतं पहिलं नाव सांगणाऱ्याला तेवढंच सांगू द्यावं. आयटीत मॅनेजरलाही पहिल्या नावाने हाक मारतात, मग नव्या माणसाचंच आडनाव कशाला हवं?

खरी ओळख होते ती चारच्या चहाला, टपरीवर. तिथे जुने लोक जुन्या प्रोजेक्टवर बोलत राहतात आणि नवा माणूस हातात ग्लास धरून कडेला उभा असतो. त्याला नावाने पुढे बोलावून त्याचं काम चौघांना सांगणं ही जुन्यांची जबाबदारी. टीम लीडने पहिल्या आठवड्यापुरतं ते काम कुणाला तरी नेमूनच द्यावं.