दाढदुखी आणि दाताची दुखापत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दाताच्या मध्यभागी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. कीड तिथवर पोहोचली की गाभ्याला सूज येते. भोवतीच्या कठीण कवचात ती मावत नाही आणि दाढ ठणकू लागते. वाशीम जिल्ह्यात दंतवैद्यांचे दवाखाने मुख्यतः वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या शहरांत आहेत. खेड्यात रात्री ठणका लागला, तर दवाखाना गाठेपर्यंतचे तास घरीच काढावे लागतात. त्या वेळेत गैरसमजातून केलेले उपाय नुकसान करतात.

गैरसमज १ : दाढेत किडा असतो, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली की तो पडतो.
वस्तुस्थिती : कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्यात दात झिजत जातो. धुरीनंतर किडा म्हणून जे दाखवले जाते, ते दाढेतून आलेले नसते.

गैरसमज २ : दुखऱ्या दाढेत बिब्बा, तंबाखू किंवा वेदनाशामक गोळी धरावी.
वस्तुस्थिती : बिब्ब्याच्या तेलाने तोंड भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास तिथली त्वचा जळते. तंबाखू आणि खर्रा हिरड्यांना आणखी इजा करतात. लवंग तेलाने थोडा वेळ बधिरता येते, पण ते जास्त लावल्यास हिरडी पोळते. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी आणि अडकलेला घास दोऱ्याने हलकेच काढावा. प्रौढांना पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळता येतात. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत आठपेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा नियमित दारू पिणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांची मात्रा वजनावर ठरते; त्यांना ॲस्पिरिन देऊ नये.

गैरसमज ३ : गाल सुजला की गरम शेक द्यावा.
वस्तुस्थिती : शेकाने सूज आणि ठणका वाढू शकतो. फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरावा. झोपताना डोके उंच ठेवल्यास ठणका थोडा कमी होतो.

गैरसमज ४ : मेडिकलमधून प्रतिजैविक आणले की काम झाले.
वस्तुस्थिती : गाभ्याच्या सुजेतून होणारी वेदना प्रतिजैविकाने थांबत नाही. दाढ भरणे, रूट कॅनाल, पू काढणे किंवा दाढ उपटणे हेच खरे उपचार. संसर्ग पसरत असेल तर प्रतिजैविक लागते, पण ते डॉक्टरांनी तपासून दिलेले असावे.

गैरसमज ५ : ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली.
वस्तुस्थिती : अनेकदा गाभा मेल्यामुळे वेदना थांबते. जिवाणू मात्र मुळाच्या टोकाकडे उतरून तिथे पू साठवतात. दंतवैद्याकडे जाणे टाळू नये.

गैरसमज ६ : पडलेला दात परत बसत नाही.
वस्तुस्थिती : पडून किंवा गाडीवरून घसरून कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो वाचू शकतो. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ चोळू किंवा खरवडू नये. माती लागली असल्यास दूध किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंद धुवावा. शक्य असल्यास त्याच जागी बसवून रुमाल चावून धरावा. तसे न जमल्यास दात थंड दुधात ठेवून लगेच निघावे. पहिली ३० मिनिटे सर्वांत मोलाची असतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

गैरसमज ७ : वरची दाढ काढली की नजर जाते.
वस्तुस्थिती : दातांच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या आहेत. या भीतीने संसर्ग वाढू देणे अधिक घातक. दाढ काढल्यावर रक्त आले तर सतत थुंकू नये. स्वच्छ गॉझ अर्धा तास घट्ट चावून धरावे.

काही लक्षणांत सकाळची वाट पाहू नये. गिळता न येणे, श्वास अडणे, तोंड न उघडणे, जिभेखाली, मानेवर किंवा डोळ्यापर्यंत सूज पसरणे, सुजेबरोबर ताप येणे आणि दाबूनही रक्त न थांबणे ही ती लक्षणे. जबड्यासोबत छाती दुखून घाम येत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.