वादळावर फवारणी करावी का?

ऑगस्ट १९६९. १७ तारखेच्या रात्री 'कमील' हे चक्रीवादळ अमेरिकेच्या मिसिसिपी किनाऱ्यावर आदळले आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. लगेच १८ आणि २० तारखेला, भर अटलांटिकमध्ये घोंगावणाऱ्या 'डेबी' वादळात 'स्टॉर्मफ्युरी' या सरकारी प्रकल्पाच्या विमानांनी सिल्व्हर आयोडाइड सोडले. वाऱ्याचा वेग पहिल्या खेपेला ३१ आणि दुसऱ्या खेपेला १८ टक्क्यांनी उतरल्याची नोंद झाली. मग पुढचे कमील किनाऱ्याकडे निघाले, तर त्यावर फवारणी करायची की नाही? या प्रश्नावर रोनाल्ड हॉवर्ड, जेम्स मॅथेसन आणि वॉर्नर नॉर्थ या तिघांनी १९७२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी हा निर्णय चक्क झाडासारखा काढून दाखवला: खोडापाशी 'फवारणी करा' आणि 'करू नका' अशा दोन फांद्या, प्रत्येकीला वाऱ्याच्या वेगाचे फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला नुकसानीचा आकडा. अवघड निर्णय असा कागदावर उतरवला, की वाद नेमका कशाबद्दल आहे ते उघड होते. अशा चित्राचा खरा उपयोग तोच आहे. उत्तर काढून देणे हे त्याचे दुय्यम काम.

निर्णयवृक्षाची अडचण अशी, की तो भराभर फोफावतो. दहा अनिश्चित गोष्टी आणि प्रत्येकीच्या तीन शक्यता धरल्या, तर टोके ५९,०४९ होतात. म्हणून हॉवर्ड आणि मॅथेसन यांनी पुढे सत्तरच्या दशकात 'प्रभाव-आकृती' पुढे आणली. तिची लिपी सोपी आहे. आपल्या हातात असलेली गोष्ट चौकोनात, हातात नसलेली लंबगोलात आणि शेवटी आपल्याला ज्याची चाड आहे ते शंकरपाळ्याच्या आकारात. वादळाचा प्रश्न या लिपीत मांडू. 'फवारणी' हा चौकोन. त्यातून बाण 'वाऱ्याचा वेग' या लंबगोलाकडे जातो आणि तिथून 'नुकसान' या शंकरपाळ्याकडे. फवारणी मुळात काम करते का, हा आणखी एक लंबगोल. त्याचाही बाण वाऱ्याकडे. बाण म्हणजे 'याचा त्यावर परिणाम होतो' किंवा 'निर्णय घेताना हे माहीत असेल' असा दावा. न काढलेला बाण हा तर त्याहून मोठा दावा असतो, कारण या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही असे आपण लिहून देत असतो.

आता आकडे. डेबीनंतर या तिघांनी शक्यता अशा धरल्या: फवारणी उपयोगी ४९ टक्के, निरुपयोगी ४९ टक्के, अपायकारक २ टक्के. त्यावरून अपेक्षित नुकसान फवारणीविना ११ कोटी ६० लाख डॉलर आणि फवारणी केल्यास सुमारे ९ कोटी ४३ लाख डॉलर निघाले. पण त्याच गणितातून हेही दिसले, की वादळ आपोआप लक्षणीय बळावण्याची शक्यता २६ टक्के असेल, तर फवारणीनंतरही ती १८ टक्के उरते. म्हणजे सरकारने फवारणी केली, वादळ चिघळले आणि घरे गेली, तर लोक निसर्गाला नव्हे, सरकारला जाब विचारणार. ही भीती काल्पनिक नव्हती. १९४७ मध्ये अशाच प्रयोगानंतर एक वादळ वळून जॉर्जियातील सव्हानाकडे गेले होते आणि दोष प्रयोगावर आला होता. म्हणून लेखकांनी 'सरकारची जबाबदारी' ही किंमतही हिशेबात घेतली. हवामानशास्त्राच्या वादाआड लपलेला कायद्याचा आणि नीतीचा प्रश्न असा उजेडात आला.

यावर पहिला आक्षेप येतो, की हे ४९ टक्के म्हणजे शेवटी अंदाजच. अंदाज खरेच, पण चित्र न काढल्याने ते नाहीसे होत नाहीत, निर्णय घेणाऱ्याच्या मनात दडून राहतात. कागदावर आलेला आकडा दुसऱ्याला खोडता येतो, बदलता येतो आणि बदलल्यावर निर्णय फिरतो का, हेही पाहता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सिल्व्हर आयोडाइडने ढगातले अतिशीत (शून्याखालीही न गोठलेले) पाणी गोठते आणि त्यामुळे वादळ मंदावते, हे स्टॉर्मफ्युरीचे गृहीतक पुढे टिकलेच नाही. चक्रीवादळात नैसर्गिक बर्फ भरपूर आणि अतिशीत पाणी फार थोडे असते, तसेच डेबीत दिसले तसे बदल फवारणीविनाही होतात, हे ध्यानात आले आणि १९८३ मध्ये प्रकल्प बंद झाला. तरीही चित्र फुकट गेले असे म्हणता येत नाही. 'निरुपयोगी' या शक्यतेला त्यात उपयोगीइतकेच वजन दिलेले होते. डेबीच्या यशाने हुरळलेल्या वातावरणात तेवढे भान राखणे सोपे नव्हते. तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. चित्र काढणारा ज्याला विसरतो, त्याचे नुकसान हिशेबात येतच नाही. चित्राने अन्याय टळतो असे नाही. वगळलेल्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते, इतकेच.

ही जागा आपल्यालाही हवी आहे. २००३ आणि २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. सोलापूर परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या चाचण्यांतून सरासरी सुमारे १८ टक्के पाऊसवाढ नोंदली गेली, तीही फवारणीजोगे ढग असतील तेव्हाची. ढगच नसतील तर काय, पैसा टँकर आणि चाऱ्यावर लावला तर किती गावांना पाणी मिळेल, शेजारच्या तालुक्याचा पाऊस गेला अशी तक्रार आली तर उत्तर कोण देणार, हे सगळे लंबगोल आणि बाण एका पानावर मावतात. पुढच्या वेळी विमान उडवण्याआधी शासनाने ते पान जाहीर करावे आणि आपण ते मागावे.