भर जुलैतलं हँडबॉल

स्वीडनमध्ये हँडबॉल हा हिवाळ्याचा, छपराखालचा खेळ. बाहेर बर्फ साचलेलं असतं तेव्हा ४० बाय २० मीटरच्या बंदिस्त कोर्टवर सात-सात जणांचे संघ झुंजतात आणि उन्हाळा लागला की मोसम संपतो. जगातल्या मुलांच्या सर्वांत मोठ्या हँडबॉल स्पर्धांपैकी एक मात्र तिथे भर जुलैत, उघड्या मैदानांवर भरते. तिचं नाव पार्टिले कप.

पार्टिले हे गोथेनबर्ग शहराला पूर्वेकडून खेटून असलेलं गाव. तिथल्या सावेहोफ क्लबने १९७० मध्ये ही स्पर्धा सुरू केली. क्लब म्हटल्यावर आपल्यापुढे श्रीमंतांचा जिमखाना येतो. स्वीडनमधले क्लब आपल्या क्रीडामंडळांच्या जवळचे: सभासदांची वर्गणी आणि पालकांची मेहनत यांवर उभे राहिलेले.

आज चाळीसहून अधिक देशांतले वीस हजारांवर खेळाडू तिथे येतात. एवढी मुलं उतरतात कुठे? शाळांत! जुलैत स्वीडनच्या शाळांना सुटी असते. रिकाम्या वर्गांत गाद्या अंथरून संघच्या संघ मुक्काम करतात. मला ही स्पर्धेच्या वाढीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. हॉटेलचा खर्च झेपणारे संघच यायचे असते, तर स्पर्धा इतकी पसरली नसती.

पसारा वाढला तशी स्पर्धा गोथेनबर्गमध्ये शिरली. शहराच्या मध्यावर हेडेन नावाचं विस्तीर्ण मैदान आहे. तिथे कृत्रिम गवतावर कोर्टला कोर्ट लागून आखलेली असतात. गवतावर चेंडू लाकडी जमिनीसारखा उसळत नाही. चेंडू हातात धरून तीनच पावलं टाकता येतात आणि टप्पा मारत पुढे जाणंही इथे कठीण, म्हणून पासवर भर द्यावा लागतो. तसा हा खेळ जन्मला मैदानावरच. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो उघड्यावर, अकरा-अकरा जणांत खेळला गेला. सात जणांचा बंदिस्त कोर्टवरचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १९७२ मध्ये, म्युनिकला.

स्पर्धेची रचनाही शहाणपणाची आहे. आधी गटवार साखळी सामने. गटात वरचे आलेले संघ ‘अ’ बाद फेरीत जातात, उरलेले ‘ब’ फेरीत. म्हणजे साखळीत सगळे सामने हरलेल्या मुलांनाही पुढे खेळायला मिळतं. आपल्याकडे शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. वर्षभर सराव केलेला संघ सकाळी पहिला सामना हरतो आणि दुपारी परतीच्या एसटीत बसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खेळात टिकवायचं असेल तर त्याला सामने मिळायला हवेत, हे सावेहोफच्या लोकांनी नीट ओळखलं.

१९७५ मध्ये याच गोथेनबर्गमध्ये मुलांच्या फुटबॉलचा गोथिया कप सुरू झाला. तोही एका स्थानिक क्लबनेच भरवलेला, जुलैतच.