जोगाईच्या माहेरी, घर घेऊन!

कॅम्परव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर न्यूझीलंड नाहीतर पोर्तुगाल येतं. आम्ही मात्र अंबाजोगाईहून निघालो आणि गुहागरला पोचलो. तीन बायका, एक व्हॅन, दोन खाड्या आणि शंभर लिटर पाणी!

लहानपणी अंबाजोगाईत आमचा एक आवडता टाइमपास होता. योगेश्वरीच्या देवळाजवळ उभं राहायचं आणि गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायच्या. एमएच-०८ रत्नागिरी, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. घाट चढून, अख्खा महाराष्ट्र आडवा कापून ही मंडळी आमच्या गावी येणार, ओटी भरणार आणि परत जाणार.

मागची गोष्ट गावात पोरासोरांना पाठ असते. देवी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. नवरी अंबाजोगाईतच राहिली. परळी तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर! वऱ्हाडाचे म्हणे दगड झाले. पुरावा हवा असेल तर लोक हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती दाखवतात.

थोडक्यात, कोकण वर्षानुवर्षं आमच्याकडे येतंय. आमच्या एमएच-४४ वाल्यांचं तिकडे जाणं मात्र कमीच. माझ्याच घरातलं उदाहरण घ्या. माझ्या आईने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

कारण पैसे नाहीत, वेळ नाही वगैरे? छे! खरं कारण आहे संडास. पुण्याला माझ्याकडे यायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते. एसटीत बसल्यावर तर घोटसुद्धा नाही. स्टँडवरच्या बाथरूममध्ये जायला नको म्हणून. त्यात गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही. पुण्यात उतरल्यावर पहिला तांब्या ती उभ्या उभ्या संपवते. हे इतकी वर्षं पाहत होते, पण त्याचा अर्थ मला व्हॅन बुक करताना कळला.

संडास? स्वयंपाकघराशेजारी?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सोफ्याचा बेड होतो, छोटा ओटा, फ्रीज, टॉयलेट अशा गाड्या आता भाड्याने मिळतात आणि बहुतेकदा ड्रायव्हरसकट. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, “फुल टू फंडू आयडिया! आईला घेऊन चल.” मग गेल्या फेब्रुवारीत आम्ही व्हॅन घेऊन थेट अंबाजोगाईला गेलो. देवीचं दर्शन झालं, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, धपाटे चढले आणि आई आत आली.

तिने सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, “स्वयंपाकघराला लागून संडास? हे असलं मला नाही चालायचं बाई.”

केज ओलांडेपर्यंत फुगलेली होती. पुण्याच्या अलीकडे कुठेतरी दार सरकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन काही न बोलता बसली. पाच मिनिटांनी म्हणाली, “पाण्याची बाटली दे गं.” बस्स, ट्रिप तिथेच वसूल!

खाडी म्हणेल तसं

पुण्यात मुक्काम, मग ताम्हिणी घाट, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. समुद्र पहिल्यांदा दिसला तो श्रीवर्धनला. आईने हात जोडले आणि पुढचा प्रश्न, “आणि हे सगळं खारट?”

इथून पुढे घाई करायचीच नाही. या किनाऱ्याला दर काही किलोमीटरवर खाडी आडवी येते. बागमांडल्याला सावित्रीची खाडी, दाभोळला वाशिष्ठीची. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, ज्याला इथले लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. दाभोळ-धोपावे ही बोट २००३ पासून चालते. दहा-एक मिनिटांत पलीकडे. तीच गाडी रस्त्याने खेड-चिपळूणमार्गे न्यायची तर शंभर किलोमीटरहून जास्त वळसा. रेवस ते रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल बांधायचे आहेत. पूल झाले की वेळ वाचेल, गावातल्या पेशंटला लवकर दवाखाना गाठता येईल. ते व्हायलाच हवं. पण बोटीच्या कठड्याला टेकून वारा खायची मजा घ्यायची असेल तर आत्ताच जा.

बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीला उतरलं की वेळास जवळच. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्राकडे सोडतात. आमच्या नशिबात त्या सकाळी चार होती. आई टाळ्या वाजवायला निघाली, कार्यकर्त्याने हळूच खूण केली, तिने पदर तोंडाला लावला. पुढे हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. आम्ही शाकाहारी, पण होड्यांमधून बैलगाडीने किनाऱ्यावर येणारे मासे आणि भाव पुकारणाऱ्या बायका पाहायला काय हरकत आहे? आमच्या मोंढ्याची आठवण झाली.

शंभर लिटरचं गणित

व्हॅन तुम्हाला एक गोष्ट शिकवतेच, ती म्हणजे पाणी मोजायला. टाकी शंभर लिटरची. मैत्रिणीने पहिल्या सकाळी शॉवर घेतला आणि काटा निम्म्यावर. आईने मग सूत्रं हातात घेतली. भांडी आधी पुसून घ्यायची, मग धुवायची. भाजी धुतलेलं पाणी फेकायचं नाही. अंघोळ एका बादलीत, तीही मुक्कामाच्या घरी.

तिला हे कोणी शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचा हॉर्न ऐकून झोपेतून उठणाऱ्या पिढीतली मी आहे.

अंजर्ल्याजवळ एका घरगुती खानावळीच्या अंगणात आम्ही मुक्काम केला. काकूंनी विहिरीवरून टाकी भरून दिली. आई विहिरीत डोकावून म्हणाली, “नशीबवान आहात बाई. पाण्याची काही ददात नाही.”

काकू हसल्या. “आत्ता आहे हो. मे महिन्यात या, आमच्या वरच्या वाडीला टँकर लागतो.”

आई बघतच राहिली. “इकडं? एवढा पाऊस पडून बी?”

बीडला वर्षाला सातशेच्या आतबाहेर मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीला तीन हजारांहून जास्त. पण जमीन उताराची आणि जांभा दगड सच्छिद्र. पडलेलं पाणी थांबतच नाही, धावत समुद्राला जाऊन मिळतं. आपण वीकएंडला जाऊन ‘वॉव, काय हिरवंगार!’ म्हणतो तेव्हा हे दिसत नाही. त्या रात्री दोघी ओसरीवर बसून बराच वेळ बोलत होत्या. विषय एकच, हंडे. मला वाटतं, आईला कोकण तिथे भेटलं.

निघताना तिने टाकी पूर्ण भरू दिली नाही. “निम्मी पुरंल आपल्याला.”

व्याडेश्वराच्या अंगणात

ज्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी, त्यांच्यातल्या अनेकांचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. म्हणून शेवट तिथेच ठरवला होता. देवळात एका आजोबांनी विचारलं, “कुठून आलात?” “अंबाजोगाई.” आजोबा उठून उभे राहिले. “म्हणजे आमच्या देवीच्या गावचे! आम्ही दरवर्षी तुमच्याकडे येतो. तुमच्याकडचं कुणी आलेलं पहिल्यांदाच पाहतोय.” आणि हातावर नारळाची वडी ठेवली.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यालगत व्हॅनचं दार उघडून आई पायरीवर बसली होती. हातात पाण्याची बाटली, अर्धी संपलेली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “ह्या गाडीनं रामेश्वर किती दिवसांचं पडंल?”

बॉस, मी रजेचा अर्ज टाकलाय!

निघण्याआधी

• गाडी मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदलेलीच घ्या. जुन्या गाडीत स्वतःच बेड आणि गॅस ठोकायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलंय.

• वाळूत गाडी घालू नका. एक भारी एसयूव्ही ट्रॅक्टर लावून ओढून काढताना आम्ही पाहिली. शिवाय कासवांची घरटी वाळूतच असतात आणि हेडलाइटच्या उजेडाने पिल्लं वाट चुकतात.

• टॉयलेटची टाकी खाडीत किंवा ओढ्यात रिकामी करायची नाही म्हणजे नाही. मुक्कामाच्या घरी विचारून त्यांच्या संडासात करा.

• केळशी, अंजर्ल्याच्या वाड्यांमधले रस्ते अरुंद आहेत. वर विजेच्या तारा आणि फांद्या असतात. गाडीची उंची पाठ ठेवा.

• शेवटची फेरीबोट किती वाजता, ते निघतानाच विचारा. ओहोटीला रॅम्पचा चढ वाढतो, लांब गाडीचा मागचा भाग घासू शकतो.

• फुकट पार्किंग शोधण्यापेक्षा एखाद्या घरगुती खानावळीचं अंगण मागा. जेवण तिथेच घ्या. पाणी मागून घ्या, मोजून घ्या आणि त्याचे पैसे द्या.