टस्कनीची वेल, नीरेकाठचा माळ

निमगाव केतकीहून दक्षिणेला निघा, नीरा ओलांडा. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ चक्क इटलीच्या टस्कनीतलं सांजोवेजे हे काळं द्राक्ष पिकतं! इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन बंधूजोड्यांनी सुरू केलेली ही 'फ्रटेली' वायनरी. वाइनमेकर टस्कनीचे पिएरो मासी. त्यांची 'सेत्ते' ही रेड वाइन सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों मिळून होते.

टस्कनीत ही वेल डोंगरउतारावर वाढते. उतारावर पाणी साचत नाही, माती उथळ, त्यामुळे वेल माजत नाही आणि मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेड वाइनचा रंग व बराचसा तुरटपणा येतो तो सालीतून. म्हणून इटलीत एकेका टेकडीला मान. टस्कनीबाहेरच्या बारोलो या वाइनच्या गावातल्या कानुबी टेकडीचं नाव तर 1752 च्या बाटलीवर आहे!

आपल्याकडे वेलीला आवर घालायला निचऱ्याची मुरमाड जमीन, मोजकं ठिबक आणि छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी, तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. टस्कनीत द्राक्षं थंडीकडे जाताना पिकतात, आपल्याकडे उन्हाळ्याकडे. ऊन तापलं की साखर चढते, आंबटपणा झपाट्याने उतरतो. माझ्या मते इथल्या रेड वाइनची खरी कसोटी तोडणीचा दिवस ठरवण्यात आहे.

इंदापूर-बारामतीच्या बागायतदारांनो, माळावरचे आणि काळ्या रानातले एकाच वाणाचे मणी सालीसकट चावून पाहा. काय फरक जाणवला, ते जरूर कळवा.