नियम हैदराबादचे, पंचनामा गावचा

साताऱ्याला एके काळी स्वतःची विमा कंपनी होती. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली ती साताऱ्यात, आणि पुढे 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँक काढली तीही साताऱ्यातच. त्या काळी हप्ता भरणारा, हप्ता गोळा करणारा आणि क्लेम मंजूर करणारा अशी तिन्ही माणसे एका गावात राहू शकत होती. एजंटाने भलतेच काही सांगून पॉलिसी गळ्यात मारली, तर त्याचे नाव कुठे सांगायचे हे लोकांना ठाऊक होते. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, देशभरातल्या 245 कंपन्या आणि सोसायट्या एलआयसीत विलीन झाल्या आणि त्यांत साताऱ्याचीही गेली. बँक पन्नास वर्षे जास्त टिकली. 2006 साली तीही आयडीबीआयमध्ये विलीन झाली.

आज सातारा-सांगलीतल्या माणसाचा विमा कंपनीशी वाद झाला, की तो विचारतो, यांच्यावर सरकार कोणाचे? राज्यघटनेचे उत्तर एका ओळीचे आहे. सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत 47 व्या क्रमांकाला ‘विमा’ लिहिलेले आहे, म्हणजे विषय केंद्राचा. कंपन्यांना परवाने देणारे, पॉलिसीतल्या अटींवर नजर ठेवणारे आणि दंड करणारे प्राधिकरण म्हणजे आयआरडीएआय. ते 1999 च्या कायद्याने आले आणि त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतःचा विमा आयुक्त असतो आणि कंपनीला त्याच्या दारात जावे लागते. आपल्याकडे मुंबईत मंत्रालय आहे, मंत्रालयात खाती आहेत, पण विमा कंपनीचा परवाना रद्द करू शकेल असे खाते त्यांत नाही.

म्हणून राज्य सरकारचा विम्याशी संबंध नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी नाकारलेल्या क्लेमची एक फाइल उघडून बघावी.

म्हशीचीच फाइल घ्या. वाळव्याच्या किंवा खटावच्या गोठ्यातली मुऱ्हा म्हैस कर्ज काढून घेतलेली असते. बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही, म्हणून विमा उतरवलेला असतो. म्हशीच्या कानात प्लॅस्टिकचा बिल्ला, त्यावर नंबर, आणि तोच नंबर पॉलिसीवर. विमावाल्यांत एक वाक्य पाठ असते, ‘टॅग नाही तर क्लेम नाही’. म्हशीने खांबाला कान घासला, बिल्ला तुटून पडला आणि मालकाने तो वेळेत पुन्हा मारून घेतला नाही, की मेलेली म्हैस विम्यातली हे सिद्ध करायला गोठ्यात काही उरत नाही. बिल्ला शाबूत असला तरी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल लागतो, कानातला नंबर दिसेल असा फोटो लागतो, पंचांच्या सह्या लागतात. अहवाल लिहिणारा डॉक्टर बहुधा सरकारी. त्याने मृत्यूचे कारण लिहिताना एक शब्द सैल टाकला, तर पुढे वर्ष-दोन वर्षे वकील त्या शब्दावर भांडतात.

हेच पुढे जागोजाग भेटते. मोटारसायकल चोरीला गेली तर पोलिसांची फिर्याद. अपघाती मृत्यू असेल तर घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि व्हिसेरा राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल, जो महिनोन् महिने येत नाही. वारसांसाठी सहा-क चा उतारा, जमिनीसाठी सात-बारा, मृत्यूचा दाखला ग्रामसेवकाकडून. (2024 पासून तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, चावडीवर अजून जुनीच नावे चालतात.) विम्याचे नियम हैदराबादला ठरतात हे खरेच, पण क्लेम ज्या कागदावर उभा राहतो किंवा पडतो तो कागद राज्य सरकारचा माणूस लिहितो. ग्राहक संरक्षणाच्या चर्चेत या माणसाचे नाव कधी निघत नाही. माझ्या मते सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

कागद होऊनही कंपनीने नकार दिला, तर राज्याचे दुसरे हत्यार म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. साताऱ्यात एक, सांगलीत एक. 1986 च्या कायद्याने ही व्यवस्था आली. त्यामागे 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीची चळवळ होती. तेव्हा नाव ‘मंच’ होते. 2019 च्या नव्या कायद्याने, 20 जुलै 2020 पासून, ‘आयोग’ झाले. कायदा केंद्राचा, पण अध्यक्ष आणि सदस्य नेमणार राज्य सरकार, इमारत आणि कर्मचारी देणार राज्य सरकार, आणि खाते कोणते, तर अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण. रेशनच्या तांदळाची आणि विम्याच्या न्यायाची काळजी एकाच खात्याकडे आहे. कोणाला किती वेळ मिळत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. नेमणुका रखडण्याचे दुखणे जुने. त्या कशा करायच्या यावर नागपूर खंडपीठापासून वाद लढवला गेला, आणि मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखी परीक्षा घ्यायला आणि दहा वर्षांचा अनुभव पुरेसा धरायला सांगितले. अध्यक्षाची किंवा सदस्याची जागा रिकामी असली की तारखा पुढे सरकतात. कायदा सांगतो निकाल तीन महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षे जातात हे तक्रारदाराला पहिल्या तारखेलाच वकील सांगतो.

तरीही या आयोगाइतके सोयीचे दार विमा ग्राहकाला दुसरे नाही. आता तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत. अधिकारक्षेत्र ठरते ते भरलेल्या रकमेवर. पूर्वी मागितलेली भरपाईही मोजली जायची, आता फक्त मोबदला, म्हणजे विम्यात हप्ता. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख. सहा हजार हप्ता भरून आठ लाखांचा क्लेम मागणाऱ्याची तक्रार जिल्ह्यातच बसते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षांच्या आत यावे लागते. वकील सक्तीचा नाही. 2025 पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते, पण कागद स्कॅन करून देणारा पोरगा गावात असायला हवा.

इकडच्या निकालपत्रांत कंपनीला ‘जाबदार’ म्हणतात. तक्रारदाराचे शपथपत्र, जाबदारांची कैफियत, दोन्ही बाजूंचे कागद, लेखी युक्तिवाद. उलटतपासणीचा थाट क्वचितच. पन्नासभर पानांतून न्याय करायचा असल्यामुळे सगळे ओझे पुन्हा त्या पंचनाम्यावर येते. निकाल विरोधात गेला आणि कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करायचे असेल, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. निकाल पाळला नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे. विमा कंपन्यांचे वकील या दोन गोष्टींमुळे जिल्हा आयोगाला जरा मान देतात.

भांडण कशावर होते? गळीत हंगामात कृष्णाकाठी उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न विचारते, चालकाकडे परवाना कोणता? हलक्या वाहनाचा परवाना आहे, पण त्यावर वाहतूक वाहनाचा शेरा नाही, म्हणून क्लेम नाकारला, अशी प्रकरणे वर्षानुवर्षे चालली. 2017 साली मुकुंद देवांगण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वाहतूक वाहनाचे मालासह एकूण वजन, किंवा ट्रॅक्टरचे मोकळे वजन, 7500 किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. कंपन्यांनी तेही पुन्हा तपासायला लावले, आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केले. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो, ही पाचर मात्र आहेच, आणि तिच्यावर पडणारे क्लेम अजून पडतात.

दुसरे भांडण उशिराचे. गाडी चोरीला गेली, माणूस चार दिवस नातेवाइकांकडे, पोलिसांकडे फिरला आणि कंपनीला पाचव्या दिवशी कळवले. पॉलिसीत ‘तात्काळ’ लिहिलेले. उशिराचे कारण खरे असेल तर तेवढ्यावरून क्लेम नाकारू नका, असे नियामकाने 2011 सालीच परिपत्रक काढून सांगितले होते; सर्वोच्च न्यायालयानेही 2017 आणि 2020 मध्ये तेच सांगितले. तरी नकाराची पत्रे त्याच कारणाने येत राहिली. जिल्हा आयोगाचे बरेचसे काम म्हणजे वरून आधीच मिळालेला निकाल खाली एकेका माणसाला मिळवून देणे. अटीचा भंग किरकोळ असेल तर 75 टक्के रक्कम देऊन मिटवायचा ‘नॉन-स्टँडर्ड’ तोडगाही आहे. तक्रारदार तो बहुतेक वेळा घेतो, कारण तोवर सावकाराचे व्याज चढलेले असते.

कंपन्यांचीही बाजू ऐकायला हवी. आजार लपवून पॉलिसी घेणारे असतात, मेलेल्या जनावराच्या कानात दुसऱ्याचा बिल्ला मारणारे असतात, आणि त्यांचा भार प्रामाणिक माणसाच्या हप्त्यावर पडतो. म्हणून तर आयुर्विम्यात तीन वर्षांची मुदत घातली आहे. त्या मुदतीत खोटेपणा शोधा, नंतर 45 व्या कलमाखाली पॉलिसीवर शंका घेता येत नाही. आरोग्य विम्यात ही मुदत 2024 पासून 60 महिने झाली, पण सिद्ध झालेली फसवणूक तिथे कधीच माफ होत नाही.

ज्यांना आयोगाचा फेरा नको त्यांच्यासाठी पुण्यात विमा लोकपाल आहे. कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग लोकपालाकडे. फी नाही, मर्यादा 50 लाख, निवाडा कंपनीवर बंधनकारक आणि तक्रारदारावर नाही. सांगलीच्या पेठेतला छोटा दुकानदारसुद्धा तिथे जाऊ शकतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा दुकानांतल्या चिखलात पहिल्यांदा शोधली गेली ती विम्याची फाइल. ज्यांचा विमा होता त्यांच्या दारात सर्व्हेअर आला. त्याचा अहवाल महत्त्वाचा, पण अखेरचा शब्द नव्हे, हे 2009 पासून ठरलेले आहे. मालाचा स्टॉक रजिस्टरमध्ये नसेल, तर मात्र कोणताच निकाल कामाला येत नाही.

राज्य सरकारचे तिसरे रूप अधिक मजेशीर आहे. ते स्वतःच विम्याचे मोठे गिऱ्हाईक होते. 2005-06 पासून सरकारने सगळ्या शेतकऱ्यांचा अपघात विमा काढला, हप्ता सरकारनेच भरला. पुढे योजनेला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले आणि रक्कम एक लाखावरून दोन लाख झाली. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, रस्त्यावरचा अपघात. कागदाचा प्रवास तालुका कृषी अधिकाऱ्याकडून जिल्ह्याला, तिथून आयुक्तालय, मग दलाल कंपनी, मग विमा कंपनी. आणि तिथून उत्तर, व्हिसेरा अहवाल नाही, परवान्याची प्रत नाही, मुदत गेली. कितीतरी विधवांनी जिल्हा मंचात सरकारने काढलेल्या विम्यासाठी दावे लावले. हप्ता भरणारे सरकार, लाभार्थी ही बाई, म्हणून ती ग्राहक ठरली आणि पुष्कळजणी जिंकल्या.

शेवटी सरकारच कंपन्यांना कंटाळले. 19 एप्रिल 2023 च्या निर्णयाने विमा बंद झाला आणि ‘सानुग्रह अनुदान’ सुरू झाले. रक्कम तीच दोन लाख, देणार थेट सरकार, मंजुरी तहसीलदाराच्या समितीकडून. त्याच वर्षी उलट टोकाचा प्रयोग झाला. पीक विमा एक रुपयात. अर्जांचा पूर आला, बोगस अर्जांच्या तक्रारी आल्या, आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली. आता खरिपाला दोन टक्के आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर. तासगावची द्राक्षे, आटपाडीचे डाळिंब आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचा हिशेब वेगळा. तिथे पाऊस आणि तापमान मोजते मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र. गारा तुमच्या बागेत पडल्या की केंद्रावर, यावर द्राक्ष बागायतदार तावातावाने बोलतात आणि त्यात तथ्य आहे.

अपघात योजनेतला बदल लोकांना आवडला आहे. दलाल गेला, कंपनी गेली, निर्णय तालुक्यावर आला. पण सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. पॉलिसी नाही, हप्ता नाही, विमा कंपनी नाही. मग तहसीलदाराच्या समितीने अर्ज फेटाळला, तर ती बाई ग्राहक म्हणून कोणत्या आयोगापुढे उभी राहणार? मला तरी तिच्यासाठी ते दार उघडे दिसत नाही. अर्जासोबत मागतात ते कागद मात्र बव्हंशी जुनेच. सात-बारा, वारसाचा उतारा, पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल, शवविच्छेदन अहवाल.